‘उद्या’ची उधारी : चालढकलीचा कार्यावर आणि स्वास्थ्यावर होणारा परिणाम

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गिरगावातील जुन्या वाण्याच्या दुकानात गल्ल्यामागे एक पाटी हमखास दिसत असे : ‘आज रोख, उद्या उधार’. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आले तरी पाटी तीच असे, कारण तिच्यावरचा ‘उद्या’ कधी उजाडतच नसे. दुकानदाराने गल्ल्याच्या रक्षणासाठी केलेली ती गोड थट्टा होती. माणूस स्वतःच्या मनाशी व्यवहार करताना मात्र नेमकी उलटी पाटी लावतो. आजचे काम तो उधारीवर उचलतो आणि उद्या रोखीने फेडीन, असे वचन स्वतःलाच देतो. तो उद्याही उजाडत नाही. उधारी तेवढी वाढत जाते आणि पुष्कळदा तिचे व्याज दुसऱ्याच कोणाला तरी भरावे लागते. चालढकलीचा विचार करावयाचा तो या शेवटच्या गोष्टीसाठी.

चालढकल, दिरंगाई, टंगळमंगळ, चेंगटपणा, दीर्घसूत्रीपणा. ज्या दोषाला भाषेने इतकी नावे दिली, तो दोष समाजाच्या फार जुन्या परिचयाचा असला पाहिजे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची कथा आहे. कोळी तळ्याचे पाणी काढू लागले, तेव्हा संकटाची चाहूल लागताच एक मासा प्रवाहाबरोबर निघून गेला. दुसऱ्याने ऐन वेळी युक्ती लढवून जीव वाचविला. तिसरा मात्र घाई करण्याचे कारण नाही, असे म्हणत राहिला आणि जाळ्यात सापडून मेला. या तिसऱ्या माशाला कथेने ‘दीर्घसूत्र’ असे नाव दिले आहे. कथा त्याला मूढ म्हणते, तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संकट त्यालाही कळले होते. फक्त हालचाल करण्याचा क्षण त्याच्या लेखी अजून यावयाचा होता.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. प्रत्येक विलंब म्हणजे चालढकल नव्हे. पैशाअभावी रखडलेले घराचे काम किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करताना मागे पडलेला अभ्यास हा परिस्थितीचा विलंब होय. रागाच्या भरात लिहिलेले पत्र रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी फाडून टाकणे, हे तर शहाणपणच. चालढकल कशाला म्हणावे? काम करणे इष्ट आहे, करण्यास सवड व साधन आहे, न केल्यास नुकसान होणार हे ठाऊक आहे आणि तरीही ते पुढे ढकलले जाते, तेव्हा ती चालढकल.

मग माणूस असे का करतो? पूर्वी याचे उत्तर एका शब्दात दिले जाई : आळस. परंतु चालढकल करणारा माणूस बहुधा स्वस्थ बसलेला नसतो. ज्याला हिशेब पुरा करावयाचा आहे, तो कपाट आवरतो. ज्याला अर्ज लिहावयाचा आहे, तो पेन्सिलींना टोके काढतो. अलीकडच्या मानसशास्त्राने याचे अधिक नेमके निदान केले आहे. फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये असे मांडले की, चालढकलीचे मूळ वेळेच्या नियोजनापेक्षा भावनांच्या हाताळणीत आहे. कामाच्या आठवणीबरोबर कंटाळा, भीती, अपयशाची शंका किंवा अपराधीपणा मनात येतो. काम बाजूला सारताच ती अप्रिय भावना तात्पुरती दूर होते आणि मनाला क्षणभर हायसे वाटते. हे हायसे वाटणे हीच उधारीची रक्कम. ती आज हातात पडते, म्हणून व्यवहार फायद्याचा भासतो.

या व्यवहाराचा जमाखर्च मांडण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत १९९७ मध्ये झाला. डायॅन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. सत्राच्या आरंभी चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक निश्चिंत होते व त्यांच्या आजाराच्या तक्रारीही कमी होत्या. सत्र संपता संपता चित्र पालटले. त्यांचा ताण वाढला, आजारपणे वाढली, गुणही कमी पडले. दोन्ही काळांची बेरीज केली तेव्हा सुरुवातीचा फायदा शेवटच्या तोट्याहून लहान निघाला. स्टॉकहोम परिसरातील ३,५२५ विद्यार्थ्यांची ९ महिने पाहणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही चालढकलीची सवय आणि पुढील काळातील चिंता, खिन्नता, ताण, अपुरी झोप, हातांचे दुखणे, एकाकीपणा, पैशाची ओढाताण यांचा संबंध आढळला. हा संबंध सौम्य होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चालढकल माणसाला एका दिवसात आजारी पाडत नाही. झिरपणारे पाणी चाळीचा सागवानी खांब एका पावसाळ्यात कुजवीत नाही, तसेच हे आहे. भिंतीवरील डाग दर वर्षी थोडा वाढतो, दर वर्षी त्यावर कॅलेंडर टांगले जाते आणि आत लाकूड पोकळ होत राहते.

एका माणसाची चालढकल त्याची स्वतःची झोप घालविते. संस्थेची चालढकल काय करते, याचे उदाहरण शोधण्यासाठी मुंबईकराला दूर जावे लागत नाही.

परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन रेल्वे स्थानके एका अरुंद पादचारी पुलाने जोडलेली होती. हा सारा भाग एकेकाळी गिरण्यांचा. कामगार आसपासच्या चाळींत राहत आणि भोंगा झाला की पुष्कळसे पायीच कामावर जात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या थंडावल्या आणि पुढील काळात त्यांच्या जमिनींवर कार्यालयांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. आता माणसे उपनगरांतून लोकलने येऊ लागली. सकाळच्या वेळी पुलावर पाय ठेवण्यास जागा उरेना. प्रवाशांनी तक्रारी केल्या. नव्या, रुंद पुलाला मंजुरीही मिळाली. परंतु कागदावरील मंजुरी आणि जमिनीवरील पहिली कुदळ यांच्यामध्ये दिवस जात राहिले.

२९ सप्टेंबर २०१७ हा दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा, नवमीचा शुक्रवार. सकाळी जोराची सर आली. पाऊस थांबण्याची वाट पाहत माणसे जिन्यावर व पुलावर थांबली आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीने गर्दीत भर घातली. त्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. सणाच्या खरेदीला निघालेली आणि रोजच्या कामावर चाललेली ती माणसे होती. ज्या विलंबाचे व्याज त्यांनी भरले, तो विलंब त्यांचा नव्हता.

याच घटनेचा पुढील भाग तितकाच विचार करावयास लावणारा आहे. पूल उभारण्याचे काम लष्कराकडे सोपविण्याचा निर्णय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी जाहीर झाला. सैन्याच्या अभियंत्यांनी एल्फिन्स्टन रोडबरोबरच करी रोड व आंबिवली येथेही पूल बांधले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे ४ महिन्यांच्या आत, ते वापरासाठी खुले झाले. जे काम होत नव्हते ते अशक्य नव्हते, एवढे यावरून सिद्ध झाले. तहान लागल्यावर विहीर खणली तरी पाणी लागते. परंतु तोवर कोणाचा तरी घसा कायमचा कोरडा पडलेला असतो. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. नाव बदलले तरी त्या सकाळची आठवण परळकरांच्या मनातून पुसली गेलेली नाही.

त्याच परळ-लालबागमध्ये याच्या नेमके विरुद्ध उदाहरणही दर वर्षी पाहावयास मिळते. लालबागचा सार्वजनिक गणेशोत्सव १९३४ पासूनचा. शेजारच्या गणेश गल्लीचा त्याहूनही आधीचा, १९२८ चा. या परिसरातील मूर्तिकारांच्या कार्यशाळांत चतुर्थीच्या कित्येक महिने आधी काम सुरू होते. शाडूची माती पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, ओल्या अंगावर रंग धरत नाही आणि डोळ्यांची आखणी घाईने करता येत नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थी मूर्तिकाराच्या सोयीने पुढे सरकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो शेवटच्या दिवसाकडून मागे मोजत येतो : आखणी केव्हा, रंग केव्हा, माती केव्हा. काम त्यालाही कंटाळवाणे होतच असेल. परंतु तारीख अटळ असल्यामुळे कंटाळ्याला मत देण्याचा अधिकार उरत नाही.

आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या कामांची अडचण हीच आहे की, त्यांना चतुर्थी नसते. वीज बिलाला शेवटची तारीख असते, म्हणून ते भरले जाते. प्रकृतीच्या तपासणीला, मृत्युपत्राला, दुरावलेल्या भावाला भेटण्याला कोणी तारीख दिलेली नसते. म्हणून तीच मागे पडतात.

प्रथम प्रकृतीचे पाहू. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून येथे कर्करोगाचे रुग्ण येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देते. कर्करोगाच्या बाबतीत वेळ किती मोलाची असते, हे या रुग्णालयाच्याच एका दीर्घ अभ्यासाने दाखवून दिले. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची त्यासाठी नोंद करण्यात आली. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा ४ फेऱ्यांत, स्तनांची केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग बळावल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत, सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. एकूण मृत्यूंमधील घट निर्णायक ठरली नाही, मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत केलेल्या अशाच साध्या तपासणीने त्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्येच जाहीर झाले होते.

या स्त्रियांना चालढकल करणाऱ्या म्हणणे अन्यायाचे होईल. रोजचे काम बुडवून रुग्णालयात रांग लावणे त्यांना परवडणारे नव्हते. तपासणी वस्तीत आली, तेव्हा त्यांनी ती करून घेतली. प्रश्न त्यांचा आहे, ज्यांच्या जवळ सवड, पैसा आणि डॉक्टर सारे काही आहे. हाताला गाठ लागते, दुखत नाही, म्हणून लग्नसराई होऊ दे असे ठरते. मग पर्युषण होऊ दे, मग दिवाळी. खरे कारण दिवाळी नसतेच. खरे कारण असते ते डॉक्टर काय सांगतील, ही भीती. भीती टाळण्यासाठी तपासणी टाळली जाते आणि ज्याची भीती होती, त्यालाच वाढावयास अवधी मिळतो. घरातील कर्त्या स्त्रीच्या बाबतीत हे अधिक घडते. साऱ्यांची औषधे वेळेवर देणारी ती, स्वतःच्या तपासणीला मात्र वेळ नाही म्हणते. तेव्हा तिच्यासाठी दिवस ठरविणे हे घरातील इतरांचे कर्तव्य ठरते.

दुसरे, कागदपत्रांचे. घरातील कर्ता पुरुष हयात असताना वारसाची नोंद, नामनिर्देशन, मृत्युपत्र यांचा विषय काढणे अशुभ मानले जाते. पुढे कपाटातील पासबुके कोणाला उलगडत नाहीत, खोली कोणाच्या नावे यावरून सख्खी भावंडे न्यायालयात जातात. १० वर्षे दावा न झालेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका विशेष निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत सुमारे ७८ हजार कोटी रुपये होते. ही सारी रक्कम चालढकलीची असे म्हणता येणार नाही. परंतु अर्ध्या तासात भरता येणारा एक अर्ज राहून गेल्यामुळे विधवेला, नातवाला न पोहोचलेली पुंजी त्यात निश्चित आहे. अशा विस्मृत ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. शोधण्याची वेळ न येऊ देणे, हे प्रत्येकाच्या हातात आहे.

तिसरे, आणि सर्वांत अवघड, मनातील गाठीचे. जैन विचाराने या दोषाला फार प्राचीन काळी ‘प्रमाद’ म्हटले आणि तत्त्वार्थसूत्राने त्याची गणना बंधाच्या पाच कारणांत केली. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमांना पिकून गळणाऱ्या पानाची आणि गवताच्या टोकावरील दवबिंदूची उपमा देऊन क्षणभरही गाफील न राहण्याचा उपदेश करतात. कर्मग्रंथांत क्रोधाची प्रतवारी त्याच्या मुदतीवरून केली आहे : पंधरवड्यात विरणारा, चार महिन्यांत विरणारा, वर्षात विरणारा आणि जन्मभर न सुटणारा. दैनिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाची योजना या दृष्टीने पाहिली, तर ती वहीखाते वेळच्या वेळी मिटविण्याची रीत आहे. बाकी पुढे ओढली की तिची प्रत बदलते. संवत्सरीला शेकडो परिचितांना क्षमापनेचा संदेश जातो. परंतु ज्या एका माणसाशी खरोखर बोलावयाचे असते, त्याचे दार तेवढे राहून जाते. पुढच्या वर्षी तो माणूस असेलच, याची हमी कोणत्याही पंचांगात नाही.

मग उपाय काय? निश्चय करणे हा उपाय नव्हे. निश्चय तर चालढकल करणारा रोजच करतो. अभ्यासकांनी आणि परंपरेने दाखविलेल्या चार वाटा मात्र उपयोगी पडतात.

पहिली वाट म्हणजे कामाला जागा आणि घटका देणे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखविले की, ‘हे काम करीन’ असे म्हणण्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अशा रीतीने करीन’ असे ठरविणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता वाढते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी सुटणाऱ्या नवकारसीच्या पच्चक्खाणात हीच नेमकी मर्यादा असते.

दुसरी वाट आरंभ लहान ठेवण्याची. सामायिकही ४८ मिनिटांचेच. ज्या कामाला महिनाभर हात लागला नाही, त्याला एका सामायिकाएवढा वेळ द्यावा आणि मग उठण्याची मोकळीक ठेवावी. टाळलेले काम दुरून दिसते तेवढे मोठे क्वचितच असते.

तिसरी वाट साक्षीदाराची. विद्यार्थिदशेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीतील एका खोलीत राहत. घरात गजबज, अभ्यासाला शांतता नाही. चरित्रकार सांगतात की, ते रात्री लवकर झोपत आणि त्यांचे वडील सुभेदार रामजी पहाटे २ वाजेपर्यंत जागे राहून मुलाला उठवीत व मग स्वतः आडवे होत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. निश्चय मुलाचा होता, पण त्याची राखण बापाने केली. प्रत्येक घरात, प्रत्येक संस्थेत कोणी तरी असा जागणारा असावा लागतो. संस्थेच्या सभावृत्तात ठरावापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहिली गेली, तर तो ठरावही जागा राहतो.

चौथी वाट स्वतःला क्षमा करण्याची. ही ऐकून आश्चर्य वाटेल. कॅनडातील एका अभ्यासात २०१० मध्ये असे आढळले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. कारण उघड आहे. अपराधीपणाचे ओझे जितके जड, तितके त्या कामाकडे पाहणे नकोसे. मिच्छामि दुक्कडम् हे शब्द इतरांसाठी आहेतच; ते आरशासमोरही उच्चारता येतात, मात्र त्यानंतर काम हाती घेतले पाहिजे.

एखादी संस्था ५० वर्षे टिकते ती मोठ्या भाषणांनी नव्हे. मिळालेल्या देणगीची पावती त्याच दिवशी फाडली जाते, विद्यार्थ्याचा अर्ज फी भरण्याच्या मुदतीआधी मंजूर होतो, गळणाऱ्या कौलाकडे पावसाआधी पाहिले जाते, म्हणून ती टिकते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अनेक नवे संकल्प सोडले जातील आणि तेही आवश्यकच आहेत. परंतु प्रत्येकाच्या मनात आत्ता, हे ऐकताना, एखादे जुने राहिलेले काम डोकावून गेले असेल : एखादी तपासणी, एखादा अर्ज, एखादे दार. आज घरी पोहोचल्यावर, जेवणाआधी, त्या एका कामापुढे तारीख लिहावी आणि ती घरातील एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी. आजच्या दिवसापुरते एवढेच पुरे आहे.

जय जिनेंद्र.